चौथं बोट

अक्कांच्या दारावरची बेल वाजवली की दार लगेच उघडत नसे. आधी आतून प्रश्न येई, "कुठल्या सुरात वाजली?" बेल बॅटरीवरची होती. बॅटरी उतरत जाईल तसा तिचा सूरही उतरायचा, आणि अक्का मुद्दाम उतरलेल्या बॅटऱ्या घालून ठेवत. उत्तर बरोबर आलं तर कडी निघे. चुकलं तर, "परत दाब. परत ऐक." एका शनिवारी मी अकरा वेळा बेल दाबली. खालच्या मजल्यावरचे म्हातारे गृहस्थ जिन्यात येऊन कन्नडमध्ये म्हणाले, "त्या घरी नसतील हो." त्यावर आतून आवाज आला, "घरीच आहे. ह्याला कान नाहीत."

कुरिअरवाल्यांनाही सूट नव्हती. त्यांतला एक जण तर पुढेपुढे जिना चढता चढताच ओरडून उत्तर देई, आणि त्याचं माझ्यापेक्षा जास्त वेळा बरोबर येई.

मी पुण्याचा. नोकरीसाठी बंगळुरूला आलो, महादेवपुऱ्यात राहू लागलो, आणि तेहेतिसाव्या वर्षी व्हायोलिन शिकायची जुनी हौस उफाळून आली म्हणून कुणीतरी दिलेल्या पत्त्यावर जयनगरला पोचलो. दार उघडलं ते साठी उलटलेल्या, जेमतेम पाच फुटी बाईंनी. सुती साडी, कापलेले पांढरे केस, डाव्या खांद्यावरून घट्ट गुंडाळलेली शाल. माझं नाव ऐकून त्या मराठीतच म्हणाल्या, "व्हायोलिन शिकायला गावभर लोक आहेत. तुझे हात लांब आहेत. व्हायोला घे."

व्हायोला म्हणजे दिसायला व्हायोलिनच, पण थोराड. आवाज खालचा, घोगरा, घशातला. मोठ्या वाद्यवृंदात तो मधे कुठेतरी बसतो आणि ऐकणाऱ्यांपैकी शंभरातल्या नव्वदांना तो आहे हेच कळत नाही. "व्हायोला म्हणजे ताटातला भात," अक्का म्हणत. "भाताचं कौतुक कोण करत नाही. पण नसला की माणूस उपाशी उठतंय." वाद्याचं नाव कुणी चुकवलेलं त्यांना खपत नसे. एकदा पेटी घेऊन रिक्षात बसताना ड्रायव्हरने कौतुकाने विचारलं, "व्हायोलिना, अम्मा?" अक्का म्हणाल्या, "अल्ला. व्हायोला." नाही, व्हायोला. तो म्हणाला, "सरी, सरी. दोड्ड व्हायोलिन." मोठं व्हायोलिन! अक्का तिथेच उतरल्या आणि भर उन्हात दीड किलोमीटर चालत गेल्या. मागून पेटी घेऊन मी.

त्या मूळच्या बेळगावच्या. कॅम्पातल्या चर्चमध्ये एक म्हातारा गोवेकर मुलांना व्हायोलिन शिकवायचा, तिथे सुरुवात झाली. एकोणिसाव्या वर्षी शिष्यवृत्तीवर जर्मनीला गेल्या. तिथल्या वर्गात व्हायोला वाजवणारं कुणी नव्हतं म्हणून शिक्षकाने यांच्या हातात तो दिला. "मला कोण विचारलं नाही," अक्का सांगत. "हातात दिले, पहिला सूर काढलो आणि रडलो." बेळगावकडच्या कितीतरी बायकांसारखं त्या 'मी आलो, मी गेलो' असंच बोलत. बावीस वर्षं तिथे काढली. आधी वाद्यवृंदात, मग एकट्याने पुढे उभं राहून वाजवणारी कलावंत म्हणून. व्हायोलाला पुढे उभं राहण्याचा मान क्वचित मिळतो, त्यातून परदेशी बाईला. तो त्यांना मिळाला होता. पण घरात एकही फोटो नव्हता. एकदा त्यांनी मला तुरीचा डबा काढायला सांगितला. डब्याखाली फळीवर कागद अंथरला होता. ते त्यांच्या कार्यक्रमाचं पोस्टर होतं. त्यावर तिशीतल्या अक्का, हनुवटीखाली व्हायोला, डोळे मिटलेले, आणि कपाळावर डब्याच्या तळाचा गोल डाग.

"परत का आलात?" असं विचारलं की दर वेळी निराळं उत्तर मिळे. तिकडे इडली बरी मिळत नव्हती. थंडीने गुडघे धरले. बेळगावला आई एकटी होती. मला ती सगळी खरी वाटत, कारण अक्का खोटं बोलतील असं वाटण्यासारख्या नव्हत्याच.

वादक म्हणून मी कामातून गेलेलाच होतो. सहा महिन्यांनी मी स्वतःच म्हटलं, "अक्का, मला जमत नाहीये. कशाला तुमचा वेळ घ्यायचा?" त्या म्हणाल्या, "हात तुझा लाकडाचा आहे. पण तोंड मराठी आहे. ये की शनिवारी." मी मॅडम म्हटलेलं त्यांना आवडत नसे. इतर विद्यार्थी मॅम म्हणत, मी अक्का. शिकवणी संपली की त्या कॉफी करत आणि तासभर मराठी बोलून घेत. मला वाटतं, तेवढ्यासाठीच त्यांनी मला ठेवलं होतं.

त्यांच्या शिकवण्यातली एक गोष्ट मात्र चमत्कारिक होती. त्या कधी वाजवून दाखवत नसत. गज उजव्या हातात घेऊन मोकळ्या तारांवर फिरवत. तो आवाज असा की खिडकीची काच थरथरावी. पण डाव्या हाताची बोटं कुठे, कशी ठेवायची हे त्या गाऊन सांगत, नाहीतर आमची बोटं धरून तिथे नेऊन ठेवत. "मी वाजवलो की तुम्ही माझी नक्कल करणार. मला माकडं नको आहेत." आम्हाला ते थोर वाटे. डावा हात शालीत असे. कॉफीचा कप उजव्या हातात, दाराची कडी उजव्या हाताने. आम्ही आठ विद्यार्थी वर्षानुवर्षं ते बघत होतो आणि आमच्यापैकी एकालाही काही दिसलं नाही.

दुसरं म्हणजे त्यांचं एक वाक्य होतं. खांदा भरून आला, मनगट धरलं अशी कुणी तक्रार केली की त्या म्हणत, "दुखतंय म्हणजे लागतंय. वाजव." आम्ही ते आपसांत गमतीने म्हणत असू. ऑफिसात माझी पाठ धरली तरी मी स्वतःला म्हणे, दुखतंय म्हणजे लागतंय.

चैत्रा अक्कांकडे आली तेव्हा अकरा वर्षांची होती. मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पंधरा. तिचे वडील शिवण्णा यशवंतपूरच्या मार्केटात कांद्याच्या गोदामावर वजनकाट्याला होते. मुलीला स्कूटरवरून आणत आणि शिकवणी संपेपर्यंत खाली फुटपाथवर उभे राहत. वर या म्हटलं तर म्हणत, "नको सार, अंगाला कांद्याचा वास आहे." शाळेत कुणीतरी हौशी बाईंनी मुलांना वाद्यं दिली होती, त्यात हिच्या वाट्याला व्हायोला आला. बारीक चणीची, जवळजवळ अक्कांच्याच बांध्याची मुलगी. तिने वाजवायला सुरुवात केली की आम्ही बाकीचे आपापल्या पेट्या बंद करून बसत असू. अक्का तिला कधी शाबासकी देत नसत. फक्त तिच्या वेळेला खिडकी लावून घेत, रस्त्याचा आवाज येऊ नये म्हणून. आमच्या वेळेला खिडकी सताड उघडी असे.

ज्या जर्मन संस्थेत अक्का शिकल्या, तिथले एक प्राध्यापक मुलं निवडायला बंगळुरूला येणार असं कळलं, आणि अक्का बदलल्या. बेलचा प्रश्न बंद झाला. दार उघडंच असे आणि आत चैत्रा वाजवत असे. सकाळी तीन तास, कॉलेजनंतर तीन तास. मुलीला मोठा व्हायोला जड जात होता. लहान आकाराचा घ्या, असं मी एकदा सुचवलं. अक्का म्हणाल्या, "लहान पेटीत आवाज मावत नाही. मी पण ह्याच मापाचा वाजवलो."

प्राध्यापकांच्या निवड-परीक्षेला तीन महिने होते तेव्हा चैत्रा मला जिन्यात भेटली. डावा हात झटकत होती. आमचं बोलणं अर्धं इंग्रजीत, अर्धं माझ्या मोडक्या कन्नडमध्ये चाले. म्हणाली, "हाताला स्वल्प मुंग्या येतात. करंगळी माझं ऐकत नाही. मी तारेवर ठेवते, ती आत वळते."

"मॅमना सांगितलंस?"

"सांगितलं. त्या म्हणाल्या, वाजव."

तारवाद्यात अंगठा मोजत नाहीत. तर्जनी पहिलं बोट, करंगळी चौथं. मी वर जाऊन अक्कांना म्हटलं, "चैत्राचं चौथं बोट वळतंय म्हणते. डॉक्टरला दाखवायला हवं."

अक्का गॅसपाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. वळल्या नाहीत. "मला माहीत आहे. दीड महिना झाला, मी बघितलो आहे."

"मग?"

"तीन महिने. नंतर ती वर्षभर झोपू दे."

"पण काही कायमचं झालं तर?"

"डॉक्टर काय सांगणार, ठाऊक आहे? थांब म्हणणार. थांबली की हे प्राध्यापक गेले. परत कोण येतंय कांदेवाल्याच्या पोरीसाठी?" मग त्यांनी कॉफी गाळली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "तू कशाला घाबरतोस? दुखतंय म्हणजे लागतंय."

मी कॉफी प्यायलो. खाली उतरलो तेव्हा शिवण्णा स्कूटरला टेकून उभे होते. त्यांनी हसून विचारलं, "कशी वाजवते सार, माझी पोरगी?" मी म्हटलं, "फार छान." तेवढंच म्हटलं. दोन वाक्यं आणखी बोललो असतो तर काय झालं असतं, हा विचार मी पुढे इतक्या वेळा केला आहे की आता त्याचं काही वाटेनासं झालंय, असं म्हणायचीही सोय राहिली नाही.

परीक्षेच्या दिवशी आम्ही सगळे सभागृहात होतो. चैत्राने वीस मिनिटं वाजवलं. अक्कांनी तिच्यासाठी सगळी बोटं बदलून दिली होती. जिथे करंगळी हवी तिथे हात सरकवून तिसऱ्या बोटाने सूर काढायचा. ऐकणाऱ्याला पत्ता लागला नाही. प्राध्यापकांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून ठेवला आणि ती थांबल्यावरही तो परत लावला नाही. अक्का माझ्या शेजारी होत्या. शालीच्या आत त्यांचा डावा हात हलत होता, चैत्राच्या बरोबरीने. मी तेव्हा पहिल्यांदा त्या हाताकडे बघितलं.

चैत्राची निवड झाली. शिवण्णांनी सगळ्यांना म्हैसूरपाक वाटला. आणि पाच आठवड्यांनी एका सकाळी तिने व्हायोला हातात घेतला तेव्हा चौथं आणि तिसरं, दोन्ही बोटं तळहातात मिटली आणि उघडेनात. व्हायोला खाली ठेवला की उघडायची. लिहिता यायचं, जेवता यायचं, वेणी घालता यायची. वाद्य हातात घेतलं की मूठ.

तीन डॉक्टर झाले. शेवटच्याने नीट समजावून सांगितलं. हाताला काही झालेलं नाही, अति ताणाने मेंदूतला त्या बोटांचा हिशेब विस्कटला आहे. वादकांना होतं हे. कधी थोडं सुधारतं. पूर्वीसारखं बहुधा होत नाही. त्याने विचारलं, "सुरुवातीला जाणवलं तेव्हाच का आला नाहीत?"

ही सगळी हकीकत मला शिवण्णांनी फोनवर सांगितली. मी ती अक्कांना सांगितली. त्या ऐकून उठल्या, चपला घातल्या आणि म्हणाल्या, "चल यशवंतपूरला."

मेट्रोत त्या दारापाशी बसल्या. व्हायोलाची पेटी मांडीवर आडवी. चैत्राचं दोन खोल्यांचं घर होतं, वरच्या मजल्यावर, खिडकी रस्त्यावर. शिवण्णांनी खुर्ची पुसून पुढे केली. चैत्रा पलंगावर बसली होती. अक्का बसल्या नाहीत. त्यांनी पेटी उघडली, शाल काढून ठेवली आणि व्हायोला हनुवटीखाली धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना पूर्ण वाजवताना बघणार होतो.

चार-पाच सूर निघाले. तसे सूर मी त्याआधी ऐकले नव्हते, नंतरही नाही. आणि मग त्यांची करंगळी हळूहळू आत वळली, तिच्यामागून शेजारचं बोट, आणि पाळलेल्या जनावरासारखी दोन्ही तळहातात जाऊन बसली. अक्का तसाच गज ओढत राहिल्या. उरलेल्या दोन बोटांतून काहीतरी खरवडल्यासारखं निघत होतं. मग थांबल्या.

"एकोणचाळीसाव्या वर्षी सुरू झालं," त्या कन्नडमध्ये म्हणाल्या. "दोन वर्षं मी बोटं बदलून लपवलं. मग एका मोठ्या कार्यक्रमात, वाजवत असलेला तुकडा अर्ध्यावर असताना, असं झालं. सगळे थांबले. मी दुसऱ्या दिवशी ते गाव सोडलं."

शिवण्णा उभेच होते. त्यांनी फक्त एक शब्द विचारला. "गोत्तित्ता?" माहीत होतं?

अक्का म्हणाल्या, "गोत्तित्तु." माहीत होतं.

"माझ्या मुलीला हेच होतंय, हे तुम्हाला दिसत होतं?"

"दिसत होतं."

चैत्राने पहिल्यांदाच तोंड उघडलं. आवाज चढवला नाही. "मग का?"

अक्कांनी व्हायोला पेटीत ठेवला. "माझा तुकडा अर्ध्यावर राहिला होता. तू तो शेवटपर्यंत नेशील असं वाटलं. मला एकदा शेवटपर्यंत ऐकायचं होतं."

"ऐकलंत ना?" चैत्रा म्हणाली. "जा आता."

आम्ही जिना उतरलो. शिवण्णा दारापर्यंतही आले नाहीत. स्टेशनवर अक्का बाकावर बसल्या आणि तीन गाड्या त्यांनी जाऊ दिल्या. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "अक्का, तुम्ही आम्हाला कधी सांगितलं का नाहीत?" त्या म्हणाल्या, "वाजवणाऱ्याचं बोट गेलं हे कळलं की लोक बघत बसतात. ऐकत नाहीत."

त्यानंतर अक्कांनी वर्ग बंद केला. पण बंद करण्याआधी उरलेल्या सातही जणांना एकेक करून त्या हाताच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. मीही गेलो. दवाखान्यातल्या गर्दीत नंबर लावून त्या शेजारी बसल्या, आत आल्या, आणि माझ्यादेखत डॉक्टरला म्हणाल्या, "ह्याला मी शिकवलो आहे. माझ्यामुळे काही बिघडलं असेल तर सांगा." डॉक्टर हसला. माझ्या हाताला काय होणार? बिघडायला आधी तेवढं वाजवावं लागतं. अक्का हसल्या नाहीत. त्यांनी ते दोनदा विचारून घेतलं. एका मुलाच्या कोपराची नस थोडी दबलेली निघाली. त्याच्या आईवडिलांना त्यांनी घरी जाऊन सांगितलं, आणि त्याच्या आईने अक्कांना दारातूनच परत पाठवलं.

मी शनिवारी जात राहिलो. आता कॉफी मीच करायचो. बेलच्या बॅटऱ्या संपल्या होत्या, त्यांनी घातल्या नाहीत, मी दार ठोठावून आत जाई. बोलणं कमी झालं. मराठीही नको झाली असावी. कधी बेळगावची गोष्ट निघे आणि मधेच थांबे. एकदा मी म्हटलं, "चैत्राला एक पत्र लिहा ना." त्या म्हणाल्या, "काय लिहू? क्षमा माग म्हणतोस? तिच्याकडून अजून काय काय मागायचं मी?"

गुरुवारी फोन केला तर त्या कधी उचलत नसत. कुठे जाता असं विचारल्यावर म्हणाल्या, "जरा फिरून येतो." मी जास्त खोदलं नाही. साठी उलटलेल्या माणसाला आठवड्यातून एक दिवस आपला असावा.

दोन वर्षांनी एका पावसाळ्यात ताप आला, तो छातीत उतरला, आणि सहा दिवसांत अक्का गेल्या. बेळगावहून एक भाचा आला. विद्युतदाहिनीपाशी आम्ही मिळून नऊ-दहा माणसं. सातांपैकी तीन विद्यार्थी. आणि सगळं आटोपत आलं तेव्हा फाटकातून शिवण्णा आत आले. एकटेच. त्यांनी लांबूनच हात जोडले.

नंतर बाहेरच्या नळावर आम्ही दोघं पाय धूत होतो. चैत्रा कशी आहे असं मी विचारलं. बी. कॉम. संपलं, एका ऑफिसात लागली, बरी आहे, म्हणाले. मग पाणी चालूच ठेवून ते म्हणाले, "सार, मॅम दर गुरुवारी यायच्या. तुम्हाला माहीत होतं?"

"कुठे?"

"आमच्या गल्लीत. समोर चहाची टपरी आहे, तिथे. चार वाजता यायच्या, पाचला जायच्या. वर कधी आल्या नाहीत. वरही बघत नसत. एक चहा घ्यायच्या आणि उभ्या राहायच्या. गुरुवारी मुलगी लवकर घरी असायची, ते त्यांना आधीपासून ठाऊक होतं."

"चैत्राने पाहिलं होतं?"

"पहिल्याच गुरुवारी. ती खिडकीत बसायची. हे दोन वर्षं चाललं, सार. एकदा पाऊस फार होता आणि मॅमकडे छत्री होती, पण ती वाऱ्याने उलटी झाली. मला राहवेना. मी चप्पल घातली, म्हटलं वर घेऊन येतो. मुलगी म्हणाली, बेडा अप्पा. निंतिरली."

नको अप्पा. उभी राहू दे.

शिवण्णांनी नळ बंद केला. तोंडावरून ओला हात फिरवला. मला वाटलं ते मला काही विचारतील, मी काय म्हणणार याची मी मनात जुळवाजुळवही करू लागलो. पण त्यांनी काही विचारलं नाही. फाटकाकडे बघत एवढंच म्हणाले,

"त्या टपरीवर बसायला बाक नाही, सार."